सुट्या ट्रान्झिस्टरच्या ऑप-अँपचा ऑफसेट सरकतो? माझा अनुभव

लक्षण: ऑप-अँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) चिपऐवजी सुट्या ट्रान्झिस्टरचा बनवून प्रीअँपमध्ये वापरला, तर आउटपुटवर डीसी ऑफसेट (सिग्नल नसतानाही दिसणारं नको असलेलं डीसी व्होल्टेज) स्थिर राहत नाही, नुसती फुंकर मारली तरी २०-३० मिलिव्होल्टने हलतो. प्रीसेट (ऑफसेट शून्यावर आणायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर) बदलला, रेग्युलेटर बदलले, फरक शून्य. डोकं उठलं होतं.

कारण: ऑप-अँपच्या इनपुट जोडीतले दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळे तापत होते. एका अंशाच्या फरकाला बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्ट बदलतं, आणि माझा डीसी गेन १० होता, म्हणजे आउटपुटवर हा फरक दहापट.

उपाय: आधी एकाच लॉटचे बीसी५५०सी ट्रान्झिस्टर घ्या. बेस-कलेक्टर जोडून १५ व्होल्टवरून १५ किलोओहममधून करंट द्या, बेस-एमिटर व्होल्टेज मोजा, बोट न लावता आकडा स्थिरावू द्या. ज्यांच्या आकड्यांत १ मिलिव्होल्टच्या आत फरक आहे अशी जोडी निवडा. मग दोघांच्या सपाट बाजू थर्मल पेस्ट लावून समोरासमोर चिकटवा, वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), म्हणजे दोन्ही सारखेच तापतात. (एकाच्या कलेक्टरसमोर दुसऱ्याचा एमिटर येतो, ट्रॅक तपासा!) सोल्डरिंगनंतर अर्धा तास चालू ठेवून मगच प्रीसेट फिरवा.

आता फुंकर मारली तरी ऑफसेट २ मिलिव्होल्टच्या आत राहतो.