टॅब कपाटातच का राहतात? प्राथमिक शाळेत ब्लेंडेड लर्निंग सुरू करताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या एका शाळेत भेटीला गेले होते तेव्हाची गोष्ट. लोकवर्गणीतून घेतलेले आठ टॅब कपाटात, खोक्यातच, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. बाईंना विचारलं तर आधी म्हणाल्या "वेळच मिळत नाही मॅडम", मग चहा झाल्यावर हळूच खरं बोलल्या, "फुटला तर भरून कोण देणार, डेड स्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, सही माझी आहे." मी तोपर्यंत तीन शिक्षण परिषदांमध्ये टॅबचे फायदे सांगून झाले होते, आणि गाडी अडली होती एका सहीवर.

म्हणून हे लिहितेय, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांसाठी. शिक्षक करत नाहीत असं आपण पटकन म्हणून टाकतो पण नव्वद टक्के वेळा अडचण काहीतरी वेगळीच असते आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही. त्या शाळेत आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये ठराव घेतला, की वर्गात मुलांच्या हातात वापरताना टॅब खराब झाला तर शिक्षकाकडून वसुली नाही, दुरुस्ती समिती बघेल. इतिवृत्तात लिहिलं, सह्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात टॅब वर्गात होते. तुमच्याकडे टॅब पडून असतील तर आधी हे करून बघा, ट्रेनिंग नंतर.

टीव्ही लावला म्हणजे ब्लेंडेड झालं, असं समजू नका

ही चूक सगळीकडे दिसते. चाळीस मिनिटं व्हिडिओ लावायचा, मुलं मांडी घालून बघतायत, बाई मागे बसून पोषण आहाराचा हिशोब भरतायत. बाईंचा दोष नाही यात, कामंच तेवढी आहेत, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, सगळं त्यांच्याच डोक्यावर. पण हे ब्लेंडेड नव्हे. ब्लेंडेड म्हणजे मूल थोडं स्क्रीनवर शिकतं, तिथे थांबवायचं की पुन्हा बघायचं हे त्याचं त्याला ठरवता येतं, आणि थोडं शिक्षकाजवळ बसून शिकतं, आणि दोन्हीकडचं काम एकाच घटकाचं असतं.

प्राथमिकला सगळ्यात सोपं पडतं ते स्टेशन रोटेशन, म्हणजे वर्गाचे गट करायचे आणि ते आळीपाळीने वेगवेगळ्या कामांच्या जागी बसवायचे. तिसरीच्या वर्गाचं सांगते. २४ मुलं, तीन गट, विषय हातच्याची वजाबाकी. आठ जण बाईंच्या सतरंजीवर काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन, आठ जण चार टॅबवर जोडीजोडीने, आठ जण वहीत. वीस मिनिटांनी जागा बदलायची, म्हणजे तासभर लागतो, त्यासाठी वेळापत्रकात दोन तासिका जोडून घ्याव्या लागतात (हे मुख्याध्यापकांनी आधीच करून द्यायचं, बाईंना मागायला लावू नका). तर सतरंजीवर एका मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. बाईंनी विचारलं कसं गं, तर म्हणाली "दोनातून सात जात नाही, मग सातातून दोन काढले." बाई मला नंतर म्हणाल्या की ही पोरगी दोन महिने असंच करत असणार, मी फक्त चूक अशी खूण करत होते. मग एक गठ्ठा सोडायला लावला, बारा काड्या झाल्या, त्यातून सात काढल्या, पाच उरल्या. दशकातले राहिले चार, त्यातले दोन गेले. पंचवीस.

शिक्षकांना पटवायचं असेल तर हे दाखवा. टॅबमुळे सोळा मुलं थोडा वेळ आपापलं काम करतात आणि तुम्हाला आठ मुलांजवळ बसायला मिळतं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ पासून चालू आहे, पायाभूत वाचन आणि गणित प्रत्येक मुलापर्यंत न्यायचं आहे, आणि कोणाचं नेमकं कुठे अडलंय हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या गुरुजींना अॅपच्या फीचर्समध्ये रस नसतो, पण मुलाचं कुठे अडलंय ते दिसलं की ते स्वतःहून विचारतात पुढचा घटक कुठे मिळेल.

सगळं तंत्रस्नेही शिक्षकाच्या गळ्यात घालू नका

प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एक तंत्रस्नेही सर असतात. प्रोजेक्टर त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांच्याकडे, व्हिडिओ त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये. मग बदली होते आणि शाळेतलं सगळं बंद पडतं. सुरुवात दोघांपासून करा, एक ते सर आणि एक असं कोणीतरी ज्यांना मोबाइलची भीती वाटते. त्या दुसऱ्यांना जमलं की बाकीच्यांना धीर येतो, सरांना जमलं तर सगळे म्हणतात त्यांचं काय, त्यांना येतंच. आणि पासवर्ड ऑफिसच्या वहीत लिहून ठेवा.

पहिला पाठ मात्र तुम्ही स्वतः घ्या, शिक्षकांसमोर, त्यांच्याच वर्गावर. माझ्या पहिल्या पाठात गट बदलायलाच सात मिनिटं गेली, पोरं एकमेकांना ढकलत होती. पण त्यातूनच शिक्षकांनी सुचवलं की आधी चार दिवस टॅबशिवाय नुसता गट बदलायचा सराव घेऊ, टाळी वाजली की उठायचं, ठरलेल्या बाजूनेच जायचं. आता तीच पद्धत सगळीकडे वापरतो आणि एक-दीड मिनिटात होतं.

फोटो मागू नका. खरंच सांगते, ग्रुपवर रोज फोटो टाका म्हटलं की पाठ फोटोसाठी होतो, टॅब पुढे धरून मुलं बसवली जातात आणि दहा मिनिटांत सगळं कपाटात. वेगळं रजिस्टरही नको. आठवड्यातून दोन दिवस, एक विषय, एवढंच ठरवा आणि निदान दिवाळीपर्यंत वाढवू नका.

नेट चालत नाही, क्यूआर उघडत नाही वगैरे

पेठ-सुरगाण्याकडे नेटवर्कच्या भरवशावर पाठ ठेवूच नका. दीक्षा या सरकारी अॅपवरचं साहित्य डाउनलोड करून ठेवता येतं, घरी किंवा तालुक्याला आलात की आठवड्याचं उतरवून घ्या, शेजारच्या शाळेला नेटशिवाय फाइल पाठवताही येते. पुस्तकातला क्यूआर फोनच्या साध्या कॅमेऱ्याने नाही, दीक्षा अॅपमधूनच स्कॅन करा, छपाई पुसट असेल तर खाली सहा अक्षर-अंकांचा कोड असतो तो टाइप करा. जिथे एक कॉम्प्युटर आणि वायफाय राउटर आहे तिथे कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर बघा, एकदा साहित्य भरलं की टॅब त्याच कॉम्प्युटरला जोडून चालतात, बाहेरचं नेट लागत नाही.

पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज होतो की टॅबमधलं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी टॅबवर चित्रं आणि कोडी ठेवा, ऐकायचं काम नको. चार्जिंगचं काम पाचवीच्या दोन मुलांना वाटून द्या, आदल्या दिवशी दुपारीच, कारण सकाळी लाइट असेलच असं नाही. जोडीत एकच हुशार पोरगं टॅब धरून बसतं, तर नियम करा, हात एकाचा आणि सांगणार दुसरा, पाच मिनिटांनी बदल.

भाषेकडे फार दुर्लक्ष होतं. कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांना व्हिडिओतली पुस्तकी मराठी परकी वाटते आणि आपण म्हणतो मुलांचं लक्षच नाही. आधी चार-पाच शब्द त्यांच्या बोलीत बोलून घ्या, मध्ये थांबवा, काय झालं ते त्यांच्याच भाषेत सांगू द्या.

घरच्या मोबाइलवर अभ्यास टाकू नका

२०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आपण हे बघितलंय, घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर. पहिली ते पाचवीला स्क्रीनवरचं काम शाळेतच ठेवा, तेही कमी. केंद्र सरकारच्या २०२० च्या प्रज्ञाता सूचनांमध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं होती, आणि तेव्हा तर शाळाच बंद होत्या. शाळा चालू असताना वीस मिनिटं पुरे.

टॅबचा खरा उपयोग मला दिसला तो द्राक्षाच्या सीझननंतर. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे बागांच्या कामाला जातात, काही मुलं सोबत जातात आणि होळीला परत येतात. तोवर वर्ग भागाकारावर पोचलेला असतो आणि ही मुलं मागच्या बाकावर गप्प बसून राहतात. या मुलांसाठी सुटलेल्या घटकांचं एक फोल्डर दिवाळीच्या आधीच टॅबवर करून ठेवायला सांगा, क्रमाने, प्रत्येक घटकाला एक छोटा व्हिडिओ आणि पाच गणितं. बाकीचे वहीत काम करत असतात तेव्हा ही मुलं ते बघतात, मग बाईंच्या सतरंजीवर येतात. मुलगा आल्यावर शोधाशोध सुरू केली तर तो आठवडा जातो, आणि होळीनंतर आठवडे फार उरलेले नसतात.