गोल्डफिशचे पर विरू लागले तर औषधाआधी पाणी तपासा: या चुका टाळा

गोल्डफिशच्या शेपटीची कड पांढुरकी होऊन जुन्या कापडासारखी विरू लागली, की बहुतेक घरांतून पहिली धाव मासे विकणाऱ्या दुकानाकडे घेतली जाते आणि तेथून निळ्या किंवा पिवळ्या औषधाची छोटी बाटली घरी येते. पाणी रंगते, काहीतरी केल्याचे समाधान मिळते, परंतु मूळ बिघाड तसाच राहतो. पर कुजवणारे एरोमोनास आणि स्यूडोमोनास हे जिवाणू जवळजवळ प्रत्येक टँकमध्ये आधीपासूनच असतात. निरोगी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना रोखून धरतो आणि पाणी बिघडल्याने तो थर कमकुवत झाला की त्यांना वाट मिळते. त्यामुळे विरलेला पर हा बहुतेक वेळा पाण्याविषयीची तक्रार असते, आणि ती तशीच वाचली पाहिजे.

पाण्यातील पहिला संशयित म्हणजे अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. गोल्डफिश भरपूर खाणारा आणि तितकीच घाण करणारा मासा असल्याने लहान काचेच्या गोल भांड्यात हा साठा फार लवकर वाढतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, मात्र त्यांची वसाहत तयार होण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. टँक आणि मासे एकाच दिवशी घरी आणणे ही म्हणूनच सर्वांत सामान्य चूक आहे. तसे झालेच असेल, तर पहिला दीड महिना खाद्य कमी ठेवून पाणी वारंवार थोडे थोडे बदलावे लागते; कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधील वापरातला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

येथे आपल्याकडची एक खास गफलत सांगितली पाहिजे. घरोघरी पाण्याची शुद्धीकरण यंत्रे आल्यापासून टीडीएस मोजणारी पेनासारखी उपकरणेही आली, आणि त्यावर 150 किंवा 200 हा आकडा दिसला की पाणी उत्तम असल्याचा निर्वाळा दिला जातो. ते उपकरण पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते. त्यात अमोनिया किती आहे हे त्यावरून कळत नाही. नितळपणावरूनही कळत नाही, कारण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन असतात. थेंब टाकून रंग पाहण्याचे चाचणी संच महाग वाटतात, पण दोन-तीन बाटल्या औषधाच्या किमतीत बसणारा संच महिनोन्‌महिने पुरतो, आणि टँकवर खर्च करायचाच असेल तर तो सर्वप्रथम यावर करावा असे माझे स्पष्ट मत आहे. बसलेल्या, म्हणजे जिवाणूंची वसाहत पूर्ण तयार झालेल्या, टँकमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट शक्यतो 40 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 40 भागांच्या) आत असावे.

रविवारची धुलाई

मासे मरण्याच्या ज्या हकिगती ऐकू येतात त्यांतील कितीतरी ‘कालच तर टँक स्वच्छ केला होता’ या वाक्याने सुरू होतात. मासे बादलीत काढायचे, टँक पूर्ण रिकामा करायचा, खडे घासायचे, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा आणि थेट नळाचे पाणी भरायचे, अशी ही पद्धत असते. यात एकाच तासात तीन गोष्टी घडतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन स्पंजमधील उपयोगी जिवाणूंना मारते. तेच क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना आणि परांच्या नाजूक कडांना भाजते. आणि तापमान, सामू (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, म्हणजे पीएच) वगैरे सारेच एकदम बदलते.

यांतील सामूचा बदल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरे विषारी. सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच वाटा सुमारे दहापट होतो. अनेक महिने पाणी न बदललेल्या टँकचा सामू हळूहळू खाली येतो, मासे त्या साठलेल्या अमोनियातही तग धरून राहतात, आणि मग एके दिवशी मालक अपराधी भावनेने अर्धा टँक बोअरवेलच्या जड, अल्कधर्मी पाण्याने भरतो. सामू चढतो, उरलेल्या अर्ध्या पाण्यातील अमोनिया विषारी रूपात जातो, आणि पाणी बदलूनही मासे संध्याकाळपर्यंत तळाशी बसतात. अशा दुर्लक्षित टँकमध्ये रोज दहा टक्क्यांहून अधिक पाणी न बदलता आठवडाभर संयम ठेवणे श्रेयस्कर असते.

नियमित देखभालीत आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी पुरेसे असते. नवे पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवले, शक्य तर त्यात हवेचा पंप सोडला, तर साधे क्लोरीन उडून जाते. घाई असल्यास दुकानांत मिळणारे क्लोरीन घालवण्याचे थेंब वापरावेत. स्पंज मात्र टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून परत लावावा. तो मळकट दिसला तरी चालेल. शुद्धीकरण यंत्राचे पाणी एकट्याने भरू नये, कारण त्यात सामू स्थिर ठेवणारे क्षार फार थोडे उरतात. भारनियमनामुळे बंद डब्याचा फिल्टर कित्येक तास थांबला असेल, तर वीज येताच तो तसाच सुरू न करता आतले कुबट पाणी आधी फेकून द्यावे.

पर नीट वाचावा

कड पांढुरकी आणि दंतुर असून झीज शेपटीच्या मुळाकडे सरकत असेल तर ती पर कुजण्याची खूण आहे. एकच सरळ चीर असून कड स्वच्छ असेल तर तो बहुधा टोकदार सजावटीचा किंवा प्लास्टिकच्या झाडाचा प्रताप असतो. परांत लाल रेषा उमटणे आणि पर अंगाशी मिटून ठेवणे ही त्रासाची चिन्हे आहेत, आणि तेव्हा चाचणी त्याच दिवशी करावी. कडा काळ्या होऊ लागल्या तर मात्र घाबरून औषध ओतू नये. अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येताना अनेकदा असा काळा रंग येतो. कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर ओळीने उठलेले पांढरे ठिपके हे विणीच्या काळातील नराचे लक्षण आहे. अंगभर साखर भुरभुरल्यासारखे दिसणारे ठिपके हा वेगळा, परजीवीमुळे होणारा आजार आहे.

पाणी निर्दोष निघाले आणि तरीही पर फाटत असतील, तर सोबत्यांकडे पाहावे. ‘काच साफ करतो’ म्हणून विकला जाणारा सकर मासा रात्री संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून तो बुळबुळीत थर ओरबाडू शकतो, आणि तो स्वतः फूटभराहून मोठा होतो हे विकताना क्वचितच सांगितले जाते.

उपचाराची सुरुवात पाण्यानेच करावी. अमोनिया किंवा नायट्राइट दिसल्यास, दुर्लक्षित टँकचा वर सांगितलेला अपवाद वगळता, रोज 30 ते 50 टक्के पाणी बदलावे आणि एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. मीठ उपयोगी आहे, विशेषतः नायट्राइटच्या विषबाधेत, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ते अमोनिया मात्र काढत नाही. लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 50 लिटरच्या टँकला 50 ग्रॅम साधे मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घालावे. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढे जेवढे पाणी बदलले तेवढ्यापुरतेच नवे घालायचे. मूठभर रोज टाकणारे लोक नकळत खारे पाणी तयार करतात. मिथिलीन ब्लू हे निळे औषध वापरायचेच असेल तर माशाला वेगळ्या टबात ठेवून वापरावे, कारण मुख्य टँकमध्ये ते फिल्टरचे जिवाणू मारते. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणे तर पूर्णपणे टाळावे. जड पाण्यातील कॅल्शियम त्या औषधाला बांधून निष्प्रभ करते.

उन्हाळ्यात एक गोष्ट अधिक. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. विदर्भात मे महिन्यात हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा आणि खाद्याचा हात आखडता घ्यावा.

झीज थांबल्यावर परांच्या कडेला पारदर्शक, जवळजवळ न दिसणारी पट्टी येते. ती नवी वाढ असते, पण कित्येक जण तिलाच कुजणे समजून औषधाचा दुसरा डोस देतात. उजेडासमोर पाहिल्यास तिची कड अखंड आणि मऊ दिसते, दंतुर दिसत नाही. काही आठवड्यांत तिच्यात रंग भरतो, कधी पूर्वीपेक्षा वेगळाही. झीज शेपटीच्या मुळापर्यंत पोहोचलेली असेल तर मात्र तेवढा भाग परत येत नाही.