गोळा नुसत्या हाताने जात नाही : गोळाफेकीतल्या या चुका टाळा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेकीला 15 गुण आहेत. मुलांना 7.260 किलोचा गोळा, मुलींना 4 किलोचा. तरी वर्षभर फक्त पळायचं आणि शेवटच्या पंधरा दिवसांत गोळा उचलायचा, अशीच बहुतेकांची तयारी. मग चुकाही ठरलेल्या.

नुसत्या दंडावर भिस्त. हे दृश्य प्रत्येक मैदानावर दिसतं. जिममध्ये कमावलेला गडी छाती समोर करून ताठ उभा राहतो, दातओठ खाऊन गोळा लोटतो आणि गोळा साडेसहा मीटरवर धप्प. शेजारचा किरकोळ अंगाचा पोरगा आठ पार करतो. पहिला गडी दुसऱ्या दिवशी आणखी बेंच प्रेस मारायला जातो! दोष दंडात नसतोच. गोळ्याला सेकंदाला 8 मीटर वेग द्यायचा तर 1 मीटरच्या मार्गात (हातातून सुटेपर्यंत गोळा जेवढं अंतर ढकलला जातो तो) सरासरी 230 न्यूटन जोर लागतो, दीड मीटर मिळाला तर 155 पुरतो (गोळा पेलण्याचा जोर वेगळा). ताठ उभा राहणारा हा मार्ग स्वतःच कापून टाकतो.

उजव्या हाताने फेकत असाल तर पाठ फेकीच्या दिशेला करा. वजन उजव्या पायावर, गुडघा वाकलेला, गोळा मानेला टेकलेला आणि त्याच पायाच्या वर. आधी उजवी टाच बाहेर वळते, मग कंबर, छाती, खांदा. कोपर आणि बोटं सगळ्यात शेवटी. हात आधी सुटला की पायांचा जोर वाया गेला. गोळा बाजूला ठेवून टाच आणि कंबर वळवण्याच्या रोज वीस आवृत्त्या करा. कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

45 अंशांचा हट्ट. सर्वांत लांब जायला 45 अंशांत फेका, हे शाळेतलं उत्तर जमिनीवरून सुटणाऱ्या वस्तूचं. गोळा सुटतो साधारण 2 मीटर उंचीवरून. 8 मीटर वेगाला 45 अंशांत तो 8.13 मीटर जातो, 38 अंशांत 8.29. शिवाय तिरप्यापेक्षा उभं ढकलताना कमी जोर लावता येतो, त्यामुळे वेगही घटतो. कोनाने मिळाले 16 सेंटिमीटर. वेग 8 चा 9 झाला तर तोच गोळा 10 मीटर गाठतो. आता कशावर घाम गाळायचा ते ठरवा. कोनमापक ॲप घेऊन बसणाऱ्यांना एवढंच सांगणं: समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे नाही, बुंध्याच्या थोडं वर बघून ढकला.

डावा गुडघा ढिला. फेकताना हा पाय खुंटीसारखा रोवला पाहिजे. तो वाकला की पुढे येणारं धड अडत नाही आणि वेग खांद्याकडे चढत नाही.

गोळा तळहातात. बोटांच्या मुळाशी धरा. तळहात स्वच्छ राहिला तर पकड बरोबर.

कोपर खाली पाडणं. हा क्रिकेटचा थ्रो नाही. कोपर गोळ्याच्या मागेच हवं, नाहीतर फेक बाद होऊ शकते आणि कोपर दुखणार ते वेगळंच.

रील बघून गिरकी. उभी फेक सलग दहा वेळा तशीच जमेपर्यंत गिरकीच्या वाटेला जाऊ नका.

शेवटी, फेक पावलांनी मोजू नका. टेप वर्तुळाच्या आतल्या कडेपासून गोळ्याच्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत धरा.