सीएनसी लेथसाठी प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर घेताय? आधी हे तपासा

नाशिकच्या अंबड-सातपूरला कुठल्याही शॉपमध्ये विषय काढा, लेथसाठी कॅम (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्राम बनवून देणारं सॉफ्टवेअर) कुठलं घ्यावं, की समोरचा लगेच नाव सांगून मोकळा, मास्टरकॅम घे नाहीतर फ्यूजन घे. अहो पण नाव सगळ्यात शेवटी. आधी बघा तुमच्याकडे जॉब कसले येतात आणि मशीनवर कंट्रोलर (प्रोग्राम वाचून मशीन चालवणारा कॉम्प्युटर, फॅनक, सीमेन्स वगैरे) कुठला आहे.

साधा दोन अ‍ॅक्सिसचा लेथ आहे, बुश, पिन, फ्लँज, स्टेप शाफ्ट असलेच जॉब येतात आणि एक लागला की महिनोन्‌महिने तोच चालतो, तर माझं स्पष्ट मत, कॅमवर पैसे घालू नका. फॅनकवर जी७१ ने रफिंग, जी७० ने फिनिश, जी७५ ने ग्रूव्ह, जी७६ ने थ्रेड, बस्स, चांगला सेटर (मशीन लावून देणारा) हे हाताने लिहितो आणि कॅमवाल्याच्या आधी मशीन चालू करतो. शिवाय तुमच्या फॅनकवर मॅन्युअल गाइड आय आहे का किंवा सीमेन्सवर शॉपटर्न आहे का ते आधी बघा, बऱ्याचदा मशीन घेताना ते ऑप्शन आलेलं असतं आणि नंतर कोणी उघडूनही बघत नाही. ड्रॉइंगवरची मापं भरायची, स्क्रीनवर सिम्युलेशन बघायचं, प्रोग्राम तयार. जोडीला ऑफिसच्या पीसीवर सिमको एडिटसारखा एखादा एडिटर ठेवा ज्यात टूलपाथ (टूल फिरतं तो मार्ग) रेषांमध्ये दिसतो, एवढ्यावर खूप शॉप आरामात चालतात.

कॅम लागतं कधी, तर प्रोफाइलमध्ये रेडियसला रेडियस टँजंट येतात आणि पॉइंट काढता काढता डोकं फिरतं तेव्हा, लाइव्ह टूल (स्वतः फिरणारं टूल), सी अ‍ॅक्सिस (स्पिंडल हव्या त्या कोनात फिरवणं), सब स्पिंडल (जोडीचा दुसरा स्पिंडल) असेल तेव्हा, किंवा रोज वेगळा जॉब आणि दहा-वीसच नग असतात तेव्हा. कोटेशन देताना सायकल टाइमचा अंदाज मिळतो तो फायदा वेगळाच.

नोज रेडियसचं (टूलच्या टोकाच्या गोलाईचं) मात्र नीट समजून घ्या, इथे लोक फसतात. ०.८ मिमी नोज रेडियसच्या इन्सर्टने कॉम्पेन्सेशन (त्या गोलाईची भरपाई) न लावता ४५ डिग्रीचा १ मिमी चॅम्फर (तिरका कापलेला कोपरा) मारला तर तो जेमतेम ०.५३ येतो, सरळ डायमीटरला आणि फेसला काहीच फरक दिसत नाही म्हणून चूक लवकर सापडत पण नाही. कॅममध्ये हे मुख्यतः दोन तऱ्हेने होतं, एकतर सॉफ्टवेअर स्वतः हिशोब करून पाथ देतं, नाहीतर प्रोग्राममध्ये जी४१-जी४२ टाकून काम कंट्रोलरवर सोडतं. तिसरा एक वेअर मोड असतो, त्यात दोन्ही असतं आणि तेव्हा मशीनच्या ऑफसेट पेजवर आर (टूलचा रेडियस) शून्य ठेवायचा असतो, तिथे कोणी सवयीने ०.८ भरला की रेडियस दोनदा धरला जातो आणि जॉब गेला. डेमोवाल्याला हे मुद्दाम विचारा, गडबडला तर पुढे सपोर्ट कसा मिळणार ते कळलंच.

आता पोस्ट प्रोसेसर, म्हणजे कॅममधला पाथ तुमच्या कंट्रोलरच्या भाषेत लिहून देणारा भाग. खरं सांगू का, तुम्ही विकत घेताय ते पोस्टच, बाकी सगळं स्क्रीनवर छान दिसणारं चित्र. फॅनकला टी०१०१ (टूल आणि त्याचा ऑफसेट एकत्र) लागतं, सीमेन्सला टी आणि डी वेगळे. जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावलं की त्याच्या आधी जी५० एस ची आरपीएम लिमिट आलीच पाहिजे (सीमेन्सवर लिम्स), कारण २०० मीटर/मिनिटच्या कटिंग स्पीडला १० मिमी डायवरच स्पिंडल ६,३६६ आरपीएम मागतो आणि फेसिंग करत सेंटरकडे गेलात की आकडा वाढतच जातो, मोठ्या चकात वेडावाकडा जॉब धरला असेल तर विचारच करायला नको. जी७१ सुद्धा काही जुन्या कंट्रोलरवर एका ओळीत आणि नंतरच्यांवर दोन ओळीत लिहितात. लाइव्ह टूलचे एम कोड तर प्रत्येक मशीन बिल्डरचे वेगळे, म्हणून 'फॅनकचं पोस्ट आहे ना' एवढ्यावर समाधान मानू नका, तुमच्याच मशीनचं हवं.

अजून एक, पोस्ट कॅन्ड सायकल (जी७१ सारखी तयार सायकल) देतं का ते बघा. बरीच कॅम रफिंगचा एकेक पास जी०-जी१ मध्ये लिहून हातभर प्रोग्राम देतात, रात्रीच्या शिफ्टला ऑपरेटरला डेप्थ ऑफ कट २ वरून १.५ करायचा असला तर तो काय करणार? जी७१ असेल तर एक आकडा बदलला की झालं.

डेमो त्यांच्या लॅपटॉपवरच्या चकचकीत पार्टवर बघू नका. तुमचं सगळ्यात त्रासदायक ड्रॉइंग द्या, तुमच्या सेटरला शेजारी बसवा, आणि निघालेला प्रोग्राम तुमच्याच मशीनवर चालवून दाखवा म्हणा, आधी चकात जॉब न लावता, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड (न कापता जाण्याचा वेग) २५ टक्क्यांवर.

लायसन्सचं थोडक्यात, कायमचं आहे की दरवर्षी भरायचं, एएमसी (वार्षिक मेंटेनन्स) नाही भरली तर सॉफ्टवेअर चालू राहतं का, आणि मिल, टर्न, मिल-टर्न हे मोड्यूल वेगवेगळे विकतात का ते लेखी घ्या. फ्यूजनचं फुकटवालं पर्सनल लायसन्स शिकायला ठीक आहे पण जॉबवर्कला चालत नाही, ते घरगुती वापरासाठीच आहे. क्रॅक कॉपी तर नकोच, कायद्याचं लफडं आहेच पण पोस्ट दुरुस्त करून द्यायला कोण येणार?

आणि पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) एक ओळ नक्की टाका, आमच्या मशीनवर आमचा जॉब ओके निघाल्याशिवाय शेवटचं पेमेंट नाही, पोस्टच्या दुरुस्त्या त्याच किमतीत. चांगला डीलर याला हरकत घेत नाही.