पांचट विनोद, पक्कं टायमिंग : ‘पँटी अँड स्टॉकिंग’ बघून ॲनिमेशन शिकताना

ॲनिमेशन शिकायला आलेल्या मुलांना मी अभ्यासासाठी ज्या मालिका सुचवते, त्यांतल्या एकीचं नाव घेतलं की वर्गात आधी खसखस पिकते आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, “ताई, खरंच?” खरंच. ‘पँटी अँड स्टॉकिंग विथ गार्टरबेल्ट’. अठरा पूर्ण झालेल्यांनीच बघायची, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर तर अजिबात लावायची नाही. पण टूडीत, म्हणजे सपाट द्विमितीय ॲनिमेशनमध्ये, काम करायचं असेल तर बघायची.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या गायनॅक्स स्टुडिओची ही मालिका ऑक्टोबर ते डिसेंबर २०१०मध्ये आली, १३ भागांची. दिग्दर्शक हिरोयुकी इमाईशी, पात्रं आखली अत्सुशी निशिगोरी यांनी. स्वर्गातून हाकलून दिलेल्या दोन देवदूत पोरी डेटन सिटी नावाच्या शहरात भुतं मारत फिरतात. हत्यारं म्हणजे त्यांची अंतर्वस्त्रं : एकीच्या चड्डीचं पिस्तूल होतं, दुसरीच्या स्टॉकिंगची तलवार. पहिल्याच भागातलं भूत विष्ठेचं आहे. म्हणजे पातळी काय ते कळलंच असेल.

नवीन मुलांचा ठरलेला प्रश्न असा : चित्रं इतकी जबरदस्त, मग विषय इतका ओंगळ कशाला? या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं, की चांगलं चित्र हा माल आणि घाण विनोद हे त्याचं वेष्टन. वेष्टन फेकायचं, माल ठेवायचा. मला ते पटत नाही. या मालिकेतले जे विनोद जमलेत, ते चित्रानेच जमवलेत. तोच विनोद कागदावर वाचून दाखवला तर कुणी हसणार नाही. उलट तोंड वाकडं करतील.

कसं, ते नीट सांगते, कारण शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, सरकतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात, तीन फ्रेम धरलं तर ८. जपानी टीव्ही मालिकांत बहुतेक वेळ तीनवर भागवतात, पैसा आणि वेळ दोन्ही कमी म्हणून. इमाईशींच्या माणसांनी ही टंचाई हत्यारासारखी वापरली. एक पोझ गच्च धरून ठेवायची, पात्र जणू गोठलंय. मग मधली चित्रं जवळजवळ गाळून थेट दुसऱ्या टोकाच्या पोझवर उडी. या वाटेवरचं मोठं नाव म्हणजे जपानी ॲनिमेटर योशिनोरी कानादा (१९५२–२००९), आणि इमाईशी त्यांचे उघड चाहते. डोळ्याला मधला प्रवास दिसत नाही, फक्त धक्का बसतो. पांचट विनोदाला नेमका हाच धक्का लागतो. शिवी, पाद, उलटी यांत अर्थ फार नसतोच. ते कधी येतं आणि त्याआधी किती शांतता होती, एवढ्यावर हसू ठरतं.

म्हणून पहिला अभ्यास : आवाज बंद करून एक भाग बघा. जिथे तरीही हसलात तिथे थांबा, मागे जा, एकेक फ्रेम पुढे सरकवा आणि टाइमशीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर, लिहा, कोणतं चित्र किती फ्रेम धरलंय. तीनेक सेकंदांचा तुकडा पुरे. पूर्ण भाग करायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. मग तेच आकडे घेऊन सभ्य गोष्ट काढा, समजा कुकरची शिट्टी उडतेय. शिट्टीआधीचा होल्ड, म्हणजे चित्र गोठवून धरलेला वेळ, तितकाच लांब ठेवा. आकडे बरोबर असतील तर कुकरसुद्धा निर्लज्ज वाटायला लागतो.

आता शैलीबद्दल. जवळजवळ अख्खी मालिका जाड रेघा, सपाट रंग, अमेरिकी कार्टूनसारख्या टोकेरी आकारांत आहे. आणि भूत मेलं की काय होतं? चित्र नाहीच, खऱ्या लघुप्रतिकृतीचा खराखुरा स्फोट चित्रित करून तिथे लावलाय. आग खरी, उडणारे तुकडे खरे. पहिल्यांदा बघताना माणूस दचकतो, तिसऱ्या भागापर्यंत वाट बघायला लागतो. हे नुसतं “काहीतरी वेगळं करू” या हौसेने केलेलं नाही. आधी सपाटपणाचा नियम इतका घट्ट बसवलाय, की तो मोडला की आनंद होतो. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये दर दहा सेकंदांनी शैली बदलते आणि कुणालाच काही वाटत नाही, त्याचं कारण हेच. मोडायला आधी नियम तर हवा.

रूप बदलण्याचा प्रसंग याच्या उलट जातो. तिथे रेघ बारीक होते, अंग लांबसडक होतं, छाया येतात, दोघी खांबाभोवती नाचतात. जादुई मुलींच्या मालिकांतल्या सोज्वळ रूपांतराची ही टर आहे, असं म्हणता येतं. पण ती टर आहे तशीच ती सरळसरळ पुरुषी नजरसुद्धा आहे, हे वर्गात बाई म्हणून मी स्पष्ट सांगते. नंतर पोरींनी बाहेर कुजबुजत बोलण्यापेक्षा ते बरं. बनवणाऱ्याच्या बाजूने मात्र त्यात व्यवहार बघा : हा महागडा तुकडा एकदा मेहनतीने बनवलाय आणि पुनःपुन्हा वापरलाय. जपानी स्टुडिओत अशा राखीव शॉटला ‘बँक’ म्हणतात. छोट्या बजेटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब शिकावा.

सगळं जमलंय असं मी म्हणणार नाही. मालिकेतल्या गार्टरबेल्ट नावाच्या पाद्र्याचं ब्रीफ नावाच्या पोराच्या मागे लागणं मला तेव्हाही नकोसं झालं होतं, आज तर बघवत नाही. आणि गंमत म्हणजे त्या विनोदांत चित्रही आळशी आहे. तेच ते हावभाव, तेच क्लोजअप. हा माझा अनुभव इतर मालिकांतही टिकलाय : जिथे लेखकाने कुणाच्या तरी अपमानावर भिस्त ठेवलेली असते, तिथे ॲनिमेटरला करायला काही उरत नाही. चावटपणात मात्र अंग हलतं, पडतं, आदळतं. तिथे काढायला भरपूर काही असतं.

‘व्हॉमिटिंग पॉइंट’ हा छोटा भाग वेगळा काढून बघा. तो ओसामु कोबायाशी यांचा आहे (ते २०२१मध्ये गेले). नाव उलटीवरून, आणि बघावं तर जवळजवळ सगळा वेळ एका थकलेल्या, मध्यमवयीन नोकरदाराचा कंटाळवाणा दिनक्रम. जाड रेघा गायब, रंग मळलेले, चाल जड. नायिका जेमतेम दिसतात. याच मालिकेत, याच प्रेक्षकांसाठी एका माणसाला इतकं उदास काहीतरी करू दिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. दुसरा ‘नथिंग टू रूम’ : एकच खोली, हलत नसलेला कॅमेरा, दोघी लोळतायत. स्टेजिंग, म्हणजे चौकटीत पात्रं कुठे नि कशी मांडायची ते, शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही, कारण कॅमेरा मदतीला येतच नाही.

घरी काय सांगायचं, हाही प्रश्न येतो. एक युक्ती चालते. हंगामा वाहिनीवर हिंदीत शिनचॅन बघून वाढलेल्यांना सांगा, की तो ढुंगण हलवणारा पोरगा १९९०मध्ये मोठ्यांच्या ‘मांगा ॲक्शन’ साप्ताहिकात सुरू झाला होता, आणि त्याच्या चित्रपटांवर मासाआकी युआसांसारख्या नावाजलेल्या ॲनिमेशन दिग्दर्शकाने काम केलंय. आईला युआसा कोण ते कळणार नाही, पण शिनचॅन कळतो.

नंतरचं थोडक्यात : २०११मध्ये इमाईशी आणि काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी ट्रिगर स्टुडिओ काढला. गायनॅक्सने २०२४मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मालिकेचे हक्क त्याआधीच ट्रिगरकडे आले होते आणि २०२५मध्ये इमाईशींच्याच दिग्दर्शनाखाली नवी मालिका आली. दोन्हींतले लढाईचे शॉट शेजारीशेजारी लावून बघता येतात. पंधरा वर्षांत त्याच हाताचं टायमिंग कुठे बदललं ते शोधायला हा उत्तम सराव आहे.

आता नोकरीचं. आपल्याकडच्या टूडी स्टुडिओंत माझ्या ओळखीच्यांचं बरंचसं काम लहान मुलांच्या मालिकांचं, तेही रिगवर, म्हणजे सांधे जोडून तयार ठेवलेली डिजिटल बाहुली हलवून. तिथे शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, पादणारं भूत पाठवू नका. रील बघणाऱ्याला तुमचं टायमिंग दिसण्याआधी त्याच्या क्लायंटचा चेहरा दिसतो. कुकर पाठवा. सोबत मूळ पेन्सिल टेस्ट (कच्च्या रेखाटनांची हलती चाचणी) ठेवा आणि शॉटमध्ये स्वतः काय काढलं, काय दुसऱ्याचं, ते लिहा. रिगवर काम करणाऱ्याला होल्ड कुठे धरायचा हे कळत असेल तर तो लगेच उठून दिसतो, कारण रिग आपोआप सगळं गुळगुळीत करत राहतो आणि बहुतेक जण त्याला करू देतात. मुलाखतीत आवडती मालिका विचारली तर हे नाव लपवू नका, पण त्यातला एक शॉट फ्रेमच्या आकड्यांसकट सांगता आला पाहिजे. समोर बसलेल्या सुपरवायझरने ती बहुधा बघितलेली असतेच, फक्त एचआरच्या मॅडम शेजारी असल्याने तो आधी बोलत नाही.