मिटणारे विभाग: काय झाकावं, काय उघडं ठेवावं

वेबपानावर मथळा दाबला की उघडतात आणि पुन्हा दाबला की मिटतात, ते हे विभाग. पुण्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयाची वेबसाइट घ्या. भाडं, हॉलची क्षमता आणि पत्ता कधीच झाकू नका. लोक त्यासाठीच येतात. अनामत, बाहेरचा केटरर, सजावटीचे नियम खुशाल मिटवून ठेवा. मथळा मात्र न उघडताच कळणारा हवा: ‘इतर माहिती’ नको, ‘बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत?’ हवं.

विभाग असे उघडमिट करायला जावास्क्रिप्टची, म्हणजे वेबपानावरच्या प्रोग्रामिंगची, गरज नाही. एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतले डिटेल्स (अख्खा विभाग) आणि समरी (त्याचा मथळा) हे टॅग पुरतात, कीबोर्डवरूनही उघडतात. डिव्ह या साध्या चौकटीच्या टॅगवर नुसता क्लिक लावला, तर टॅब दाबून तिथे पोचताच येत नाही. दाबायला फक्त बाण नको, मथळ्याची अख्खी ओळ द्या, उंची किमान ४४ पिक्सेल.

एक उघडला की दुसरा आपोआप मिटणं सहसा टाळाच. वरचा लांबलचक विभाग मिटला की खालचा मजकूर एकदम वर सरकतो आणि नुकता दाबलेला मथळाच नजरेआड होतो. शिवाय दोन विभागांतले दर ताडून पाहता येत नाहीत.

प्रिंट काढूनही बघा. मिटलेला मजकूर कागदावर येत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना कागदच हातात हवा असतो. एवढ्यापुरती मात्र थोडी जावास्क्रिप्ट लागते: ब्राउझर छापण्याआधी जो बीफोरप्रिंट इव्हेंट, म्हणजे इशारा, देतो, त्यावर सगळ्या डिटेल्सना ओपन लावा, म्हणजे ते उघडतील.