शब्दाचं मूळ आद्य भारोपीय धातूपर्यंत कसं न्यावं

पावसाळ्यात कोल्हापुरात रोज एकच चौकशी असते : राजाराम बंधारा पाण्याखाली गेला काय? सरावाला हाच शब्द घेऊ. आद्य भारोपीय म्हणजे संस्कृत, फारसी, लॅटिन, इंग्रजी वगैरेंची समाईक पूर्वज भाषा, आणि धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ. तिथवर पोचायचंय.

आधी शब्द सोला. ‘बंधारा’चं शेपूट बाजूला काढलं की ‘बंध’ उरतो. बांध, बांधणे, बांधकाम हे त्याचे भाऊबंदही शेजारी मांडून ठेवा (‘भाऊबंद’ धरून).

मग मराठीतून प्राकृतात आणि तिथून संस्कृतात उतरा. राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो. कृ. पां. कुलकर्णींच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’साठी करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा. साखळी अशी लागते : बांधणे, प्राकृत बंधइ, संस्कृत बन्ध्.

सगळेच शब्द इथवर येत नाहीत. तूप, अण्णा, अक्का ही मंडळी कन्नडकडून आलेली, म्हणजे घराणं द्राविडी. त्यांना ओढूनताणून संस्कृतात बसवू नका. कागलच्या पुढं कर्नाटक लागतं, हे आपल्याला तरी कुणी सांगायला नको.

आता बाहेरचे साक्षीदार गोळा करा : इंग्रजी ‘बाइंड’, जर्मन ‘बिंडन’, फारसी ‘बंद’. उसने शब्द मात्र साक्षीला चालत नाहीत. ‘बँडेज’ फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून दवाखान्यात आलं. धातू तोच, पण मराठीच्या बाजूनं त्याची साक्ष शून्य. ‘बंदोबस्त’ही फारसीतून घेतलेला. त्याची गंमत अशी की ‘बंद’ आणि ‘बस्त’ दोन्ही एकाच क्रियापदाची रूपं, म्हणजे पोलीस बंदोबस्तात हा धातू दोनदा उभा असतो.

खरी कसोटी पुढं आहे. ‘बन्ध्’ आणि ‘बाइंड’ सारखे दिसतात म्हणून हुरळून जाऊ नका. नेहमीचा हिशेब मांडा : संस्कृत भ्राता, इंग्रजी ब्रदर, संस्कृत भरति, इंग्रजी बेअर (वाहून नेणे). संस्कृतात ‘भ’ तिथं इंग्रजीत ‘ब’. मग ‘बाइंड’समोर ‘भन्ध्’ हवा होता! हे कोडं १८६३ साली जर्मन अभ्यासक हेर्मान ग्रासमान यांनी सोडवलं. जवळजवळच्या दोन अक्षरांत महाप्राण (भ, ध यांसारखी ‘ह’कार मिसळलेली व्यंजनं) आले, तर संस्कृतात पहिल्याचा ‘ह’कार गळतो. शाळेत घोकलेलं आठवा : ‘भू’चं ‘बभूव’, ‘धा’चं ‘दधाति’. तोच नियम लावला की ‘बन्ध्’च्या मागं ‘भन्ध्’ सापडतो. नुसत्या सारखेपणावर भागवलं असतं, तर हा ‘भ’ हाती लागला नसता.

स्वर राहिला. मूळचे ए, ओ, अ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर संस्कृतात ‘अ’ झाले. लॅटिन ‘सेप्तेम’समोर संस्कृत ‘सप्त’, ‘एस्त’समोर ‘अस्ति’. जर्मॅनिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांच्या घराण्यात) न-कारासह व्यंजन पुढं आलं की ‘ए’चा ‘इ’ होतो. ‘बिंडन’मधला ‘इ’ त्यातलाच. म्हणून मूळ रूप लिहायचं *भेन्ध्, अर्थ ‘बांधणे’. आधीचा तारा (*) विसरू नका. हे रूप कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून उभं केलंय, एवढंच तो सांगतो.

पुढचा शब्द बैलाच्या मानेवरचा घ्या : जू. संस्कृत युग, लॅटिन युगुम, इंग्रजी योक. ‘य’चा ‘ज’ मराठीच्या वाटेवर झाला, योगीचा जोगी झाला तसा. इंग्रजीतला ‘क’ कुठून आला, ते ग्रिमच्या नियमात (जर्मॅनिक भाषांत व्यंजनं कशी बदलली, ते सांगणाऱ्या) शोधा.